संहिता तोकडी, प्रयोग समर्थ

वाङ्मयाचा इतिहास लिहिणारांची एक जुनी सवय आहे. जे कागदावर उरले तेवढेच घडले, असे ते मानून चालतात. नाटकाच्या इतिहासात तर ही सवय फारच भोवते. नाटककाराचे नाव, ग्रंथाचे नाव आणि प्रसिद्धीचे वर्ष एवढे हाती लागले की इतिहासकाराचे समाधान होते. त्या ग्रंथात ज्यांनी प्राण ओतला ते नट आणि ज्याने तो प्रयोग उभा केला तो दिग्दर्शक यांच्या वाट्यास फार तर एखादी तळटीप येते. संहिता उत्तम असेल तेव्हा हा अन्याय विशेष जाणवत नाही. परंतु संहिता तोकडी असून प्रयोग मात्र समर्थ झाला असेल, तर इतिहासकाराची मोठी पंचाईत होते. कागद पाहावा तर त्यावर विशेष काही नाही, आणि ज्यांनी प्रयोग पाहिला ते तर सांगत असतात की आम्ही काही विलक्षण पाहिले.

अशाच एका प्रयोगाची हकीकत आम्हांस येथे सांगावयाची आहे. तो रंगभूमीवरचा नव्हे, दूरचित्रवाणीवरचा. आणि विषयही पौराणिक वा ऐतिहासिक नव्हे, तर विज्ञानकथेचा. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी सायंकाळी, बी. बी. सी.ने 'डॉक्टर हू' या मालिकेच्या पहिल्या कथेचा पहिला भाग लंडनहून प्रक्षेपित केला. ही मालिका पुढे दीर्घायुषी ठरली आणि जगभर पसरली, हे पुष्कळांस ठाऊक असते. तिची पहिली चार भागांची कथा लखनौत जन्मलेल्या एका चोवीस वर्षांच्या तरुणाने दिग्दर्शित केली होती, हे मात्र फारच थोड्यांस ठाऊक असते.

जयपुरात बसून लंडनच्या या कथेची चर्चा कशासाठी, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर आमच्या भाषेतील एका शब्दात आहे. 'प्रयोग' हा शब्द आपण मराठी माणसे दोन अर्थांनी वापरतो. प्रयोगशाळेत होतो तोही प्रयोग आणि रंगमंचावर होतो तोही प्रयोगच. ज्या नगरीत आम्ही नोकरीनिमित्त राहतो तिच्या मध्यभागी सवाई जयसिंगांची वेधशाळा उभी आहे. जुन्या कोष्टकांतील आकडे आकाशाशी जुळत नाहीत असे दिसून आल्यावर या राजाने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे उभारून स्वतः वेध घेण्याचा मार्ग धरला. टॉलेमीचा ग्रंथ 'सम्राट्सिद्धान्त' या नावाने अरबीवरून संस्कृतात उतरविणारे त्याचे पंडित जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय होते. आपल्या आधी अडीच-तीनशे वर्षे महाराष्ट्राबाहेर येऊन राजसेवेत रमलेल्या या पूर्वसूरीचे स्मरण आपल्यासारख्या परप्रांतस्थ नोकरदारांनी अवश्य ठेवावे. ग्रंथ जगन्नाथांनी दिला. परंतु सुमारे सत्तावीस मीटर उंचीच्या सम्राट यंत्राची सावली सरकताना पाहिल्यावाचून काळ म्हणजे काय हे डोळ्यांना कळत नाही. ग्रंथ आणि प्रयोग यांतील हेच नाते नाटकासही लागू आहे, आणि आमची कथा तर योगायोगाने काळातून प्रवास करणाऱ्या यंत्राचीच आहे.

प्रथम त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १९६२ साली बी. बी. सी.च्या नाट्यविभागाने विज्ञानकथा दूरचित्रवाणीस कितपत मानवतील याची चौकशी करविली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस सिडनी न्यूमन हे कॅनेडियन गृहस्थ त्या विभागाचे प्रमुख झाले. शनिवारी दुपारचा खेळांचा कार्यक्रम संपल्यावर आणि तरुणांचा संगीताचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी जी मधली वेळ असे, तीत सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून पाहावी अशी मालिका त्यांना हवी होती. मुलांना त्यातून इतिहास आणि विज्ञान यांची गोडी लागावी, मात्र बटबटीत डोळ्यांचे राक्षस त्यात बिलकूल नसावेत, असा त्यांचा आग्रह. निर्मितीचे काम त्यांनी व्हेरिटी लँबर्ट या सत्तावीस वर्षांच्या बाईंवर सोपविले. त्या वेळी त्या विभागात दुसरी स्त्री निर्माती नव्हती. दिग्दर्शनासाठी नेमले गेले वारिस हुसेन.

हुसेन यांचा जन्म १९३८ सालचा, लखनौचा. त्यांच्या मातोश्री अतिया हुसेन या इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिका. अवधच्या तालुकदारी घराण्यातील जीवनावरील त्यांची कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध झाली. वारिस लहान असतानाच हे कुटुंब इंग्लंडात गेले आणि देशाची फाळणी झाल्यावर तेथेच राहिले. केंब्रिज विद्यापीठात त्यांनी हौशी नाटके बसविली आणि तेथून ते बी. बी. सी.त आले. एक बाई, एक हिंदी तरुण आणि वर एक कॅनेडियन साहेब, अशी ही परस्थांची मंडळी; त्या जुन्या संस्थेतील मुरलेल्या लोकांना त्यांचे कौतुक असण्याचे कारण नव्हते. या मंडळींच्या वाट्यास आला तो लाइम ग्रोव्ह येथील 'डी' क्रमांकाचा स्टुडिओ, जो अरुंद होता, दिव्यांच्या उष्णतेने तापत असे आणि ज्यातील कॅमेरे अवजड व जुने होते. परक्या प्रांतात गेलेल्या नव्या अधिकाऱ्यास कचेरीतील सर्वांत गैरसोयीची खोली मिळते, हा अनुभव आमच्या वाचकांस अपरिचित नसावा.

आता संहितेकडे वळू. ज्या कथेने मालिकेचा आरंभ व्हावयाचा होता ती ऐनवेळी बाजूस पडली आणि अँथनी कोबर्न या ऑस्ट्रेलियन लेखकाची कथा पहिल्या क्रमांकावर आली. तिचा पहिला भाग उत्तम आहे, यात शंका नाही. लंडनच्या एका शाळेत सुसान नावाची एक मुलगी आहे. विज्ञानात आणि इतिहासात तिला वयास न शोभणारे ज्ञान आहे. पण साध्यासुध्या व्यवहारी गोष्टी मात्र तिला ठाऊक नाहीत. तिच्या दोन शिक्षकांना, इतिहासाच्या बार्बरा राइट आणि विज्ञानाचे इयान चेस्टरटन यांना, कुतूहल वाटते व ते तिच्या मागोमाग एका भंगाराच्या आवारात जातात. तेथे पोलिसांची निळी पेटी उभी असते. तीत शिरावे तर आत भलेमोठे दालन, आणि तेथे मुलीचे तऱ्हेवाईक आजोबा. ते स्वतःस केवळ 'डॉक्टर' म्हणवितात. ही पेटी म्हणजे काळातून आणि अवकाशातून जाणारे यान होय. आपले रहस्य फुटेल या भीतीने म्हातारा दोघा शिक्षकांसह यान सुरू करतो आणि सर्वजण अश्मयुगात जाऊन पडतात.

येथपर्यंत सारे ठीक. पुढचे तीन भाग मात्र विलक्षण पातळ आहेत. गुहेत राहणाऱ्या एका टोळीस अग्नी करण्याची विद्या अवगत नाही. पूर्वीचा नायक ती जाणत होता, परंतु मुलास न शिकविताच तो मेला. मुलगा झा हा हाडावर हात चोळीत बसतो. काल नावाचा एक उपरा त्याचे नायकपद बळकावू पाहतो. चौघे प्रवासी पकडले जातात, सुटतात, पुन्हा पकडले जातात, पुन्हा सुटतात. एवढेच कथानक! गुहावासीयांच्या तोंडी तुटक आणि एकसुरी भाषा. एकच भांडण निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा. ही कथा हाती आल्यावर दिग्दर्शक आणि निर्माती दोघांनाही ती मनातून रुचली नव्हती. कातडी पांघरलेल्या नटांना गंभीरपणे बोलावयास लावावे कसे, आणि घरोघरीच्या प्रेक्षकांस हसू येऊ न द्यावे कसे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. परंतु वेळ नव्हता आणि दुसरी कथाही तयार नव्हती.

या कथेच्या इतिहासात एक असा योगायोग आहे, की जो नाट्याच्या अभ्यासकास क्वचितच लाभतो. पहिला भाग दोन वेळा ध्वनिचित्रित झाला, आणि दोन्ही चित्रणे आज उपलब्ध आहेत. २७ सप्टेंबर १९६३ रोजी झालेले पहिले चित्रण न्यूमन यांस पसंत पडले नाही. यानाचे दार नीट मिटेना, नट अडखळत होते, आणि मुख्य म्हणजे तो म्हातारा अगदीच कठोर व तिरसट वाटत होता. न्यूमन यांनी दोघांना खडसावले, पण काढून न टाकता पुन्हा चित्रण करावयास सांगितले. १८ ऑक्टोबरला तोच भाग पुन्हा झाला. संवादांत थोडे फेरफार झाले होते. मुलीच्या मूळ काळाचा नेमका उल्लेख गाळून तो संदिग्ध ठेवला होता. म्हाताऱ्याचा आधुनिक पोशाख जाऊन तेथे जुन्या धर्तीचा लांब कोट आला होता. बाकी कथा तीच, दालन तेच, नट तेच. आणि तरीही दोन्ही चित्रणे शेजारी ठेवून पाहिली असता हे एकाच संहितेचे प्रयोग आहेत हे पटण्यास वेळ लागतो.

हा फरक प्रामुख्याने विल्यम हार्टनेल या नटाने घडविला आहे. त्यांचे वय त्या वेळी पंचावन्न वर्षांचे होते. सैन्यातील करड्या सार्जंटच्या आणि गुंडांच्या भूमिका करून करून ते कंटाळले होते. त्याच वर्षीच्या एका चित्रपटातील त्यांचे वेगळ्या वळणाचे काम पाहून लँबर्टबाईंस त्यांची आठवण झाली आणि त्यांनी व हुसेन यांनी मिळून त्यांचे मन वळविले. पहिल्या चित्रणात हा म्हातारा शिक्षकांस सरळ धमकावतो. दुसऱ्यात तो त्यांना टोलवितो. शिक्षक मुलीचा ठावठिकाणा विचारीत असता तो भंगारातून एक मळकी तसबीर उचलून तिचेच निरीक्षण करीत राहतो, जणू समोरच्या दोन माणसांपेक्षा ती तसबीर अधिक महत्त्वाची. धमकी आता नजरेआड गेली आहे. तिच्या जागी एक खट्याळ हुशारी आली आहे, आणि त्या हुशारीच्या मागे पुन्हा भीती आहे. हा माणूस कोण, हे संहिता सांगत नाही. हार्टनेल यांचा चेहरा पाहताना मात्र तो कोणीतरी आहे, त्यास भूतकाळ आहे आणि त्या भूतकाळात काही दुःख आहे, अशी प्रेक्षकाची खात्री होते.

गुहेतील भागांत तर अभिनयाचा कस अधिकच लागतो. बार्बराचे काम करणाऱ्या जॅकलिन हिल आणि इयानचे काम करणारे विल्यम रसेल यांनी येथे एक साधे धोरण स्वीकारलेले दिसते: प्रसंग कितीही बाळबोध असो, आपण त्यावर संपूर्ण विश्वास ठेवावयाचा. अरण्यातून पळताना बार्बरा भयाने कोसळते ती खरोखर कोसळते. त्यानंतर पाठलाग करणारा झा श्वापदाच्या तावडीत सापडून जखमी होतो, आणि तीच बार्बरा पळून जाण्याची संधी सोडून त्याच्या मदतीस मागे फिरते. संहितेत ही कृती जवळजवळ कारणाविना येते. हिलबाईंच्या मुद्रेवर मात्र कारण उमटलेले आहे: आपण मघाशी जितके भ्यालो तितकेच हाही भ्यालेला आहे, हे त्या बाईस कळले आहे. जखमी झाला परत न्यावयाचे ठरते तेव्हा डॉक्टर एक धारदार दगड उचलतो आणि इयान त्याचा हात धरतो. आपण या जखमीस परतीच्या वाटेचा नकाशा काढावयास सांगणार होतो, असा खुलासा म्हातारा करतो. त्याच्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा? हार्टनेल यांनी त्या क्षणी डोळ्यांनी काहीच उत्तर दिले नाही, आणि म्हणूनच तो क्षण प्रेक्षक विसरत नाही.

गुहावासीयांची कामे करणाऱ्या डेरेक न्यूअर्क, जेरेमी यंग, अलेथिया चार्लटन आणि आयलीन वे या नटनट्यांचे ऋण तर फारच मोठे आहे. हास्यास्पद होण्याचा खरा धोका त्यांना होता. आयलीन वे यांची वृद्धा अग्नीस भिते. अग्नी आला की टोळीचा नाश होईल, असे तिला वाटते. लेखकाने ही वृद्धा कथानकाच्या सोयीसाठी निर्माण केली असावी, कारण कैद्यांना सोडविण्यास कोणीतरी हवेच होते. नटीने तिला नव्या विद्येच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक समाजातील आजीचे रूप दिले. आमच्या पिढीतील कितीकांच्या आज्या विजेच्या दिव्याविषयी याच स्वरात बोलत असत.

दिग्दर्शकाच्या कामगिरीचे स्वरूप नटांहून वेगळे असते. ते दिसू नये अशीच त्याची अपेक्षा असते. त्या काळी ध्वनिचित्रफीत कापणे खर्चाचे आणि कटकटीचे असल्याने आठवडाभर तालमी करून सारा भाग एका संध्याकाळी जवळजवळ सलग चित्रित करीत. चूक झाली तरी बहुधा पुढेच जावे लागे. अशा अडचणीत हुसेन यांनी काय केले? पहिल्या भागात मुलीच्या शाळेतील आठवणी येतात तेव्हा शिक्षक दिसतच नाहीत, त्यांचा आवाज येतो आणि कॅमेराच त्यांचे डोळे होतो; त्यामुळे प्रेक्षक स्वतःच त्या मुलीकडे संशयाने पाहू लागतो. यान सुटते तेव्हा स्टुडिओत दाखविण्यासारखे काही नव्हते. त्यांनी माणसांचे चेहरे दाखविले आणि त्यांवर प्रकाशाच्या सळसळत्या आकृत्या पसरविल्या. मागे बी. बी. सी.च्या ध्वनिप्रयोगशाळेत तयार झालेला विलक्षण नाद होता. प्रवास संपतो आणि उजाड माळावर उभ्या असलेल्या त्या पेटीसमोर एका माणसाची लांब सावली पडते. माणूस दिसत नाही. अरण्यातील श्वापदही शेवटपर्यंत दिसत नाही. श्वापद उभे करण्यास पैसा नव्हता हे खरे. परंतु पाहणारांच्या चेहऱ्यांवर ते दाखविण्याचा निर्णय पैशाने घेतलेला नव्हता.

सर्व काही तरले, असे म्हणण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. चौथ्या भागात डॉक्टर कालच्या रक्ताळलेल्या शस्त्राचा पुरावा युक्तीने सर्वांसमोर आणवितो, तो प्रसंग सोडला तर कथा पुन्हा त्याच त्या गुहेत घुटमळते. तेथे नटांच्या श्रद्धेसही मर्यादा पडतात. पहिल्या भागाच्या आदल्याच दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांची हत्या झाल्याने प्रेक्षकांचे मन ठिकाणावर नव्हते; पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. मालिकेस खरी लोकप्रियता लाभली ती डिसेंबरात सुरू झालेल्या दुसऱ्या कथेने, आणि तीही न्यूमन यांनी ज्यांना मनाई केली होती तशा यांत्रिक राक्षसांच्या जोरावर. हे सर्व मान्य करूनही आमचा मुद्दा शिल्लक राहतो. पहिल्या चार आठवड्यांत ती चार माणसे प्रेक्षकांना खरी वाटली नसती, तर पाचव्या आठवड्यात त्यांच्या जिवाची काळजी कोणी केली असती?

मराठी वाचकास या हकीकतीत काही ओळखीचे वाटले नाही तरच नवल. आपल्या रंगभूमीचा जन्मच मुळी संहितेवाचून झाला. १८४३ साली सांगलीस, श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने, विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर'चा खेळ केला. त्यात लिहिलेला भाग म्हणजे पदे, आणि ती सूत्रधार गात असे. पात्रांची गद्य भाषणे लिहिलेलीच नसत. आख्यानाचा धागा धरून नटाने आपल्या बुद्धीप्रमाणे बोलावयाचे. राक्षस आरडाओरडा करीत, तरवारी फिरवीत प्रवेश करावयाचे. पुढे 'बुकिश' नाटकांचे युग आले, १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांचे 'थोरले माधवराव पेशवे' लिहिले गेले, आणि सुशिक्षितांनी जुन्या खेळांस 'अललडुर्र' म्हणून हिणविण्यास आरंभ केला. कागदाच्या दृष्टीने ते हिणविणे योग्यही होते. परंतु १८५३ साली भाव्यांची मंडळी मुंबईत खेळ करावयास गेली तेव्हा तेथील लोकांनी तिकिटे काढून जे पाहिले ते काय होते? देव, दैत्य, विमाने, मायावी रूपे ही त्या काळची विज्ञानकथाच होती; आणि तिला विश्वसनीय करण्याची संपूर्ण जबाबदारी नटाच्या कंठावर व देहावर होती. त्या नटांची भाषणे वाऱ्यावर गेली. भाव्यांची पदे छापली गेली म्हणून भावे उरले.

विज्ञानकथेच्या बाबतीत आज आपली स्थिती याच्या अगदी उलट आहे. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली टोपणनावाने पाठविलेल्या 'कृष्णविवर' या कथेस मराठी विज्ञान परिषदेचे पारितोषिक मिळाले, आणि त्यानंतर मराठीत या वाङ्मयप्रकाराची चांगली लागवड झाली. (त्यांचे वडील, गणिती विष्णु वासुदेव नारळीकर, काशी सोडल्यावर आमच्या या राजस्थानात, अजमेरास, राज्य लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते, हे येथील मराठी अधिकाऱ्यांस सांगावयास आनंद वाटतो.) संहिता आहेत, त्यांना तोलामोलाचे दूरचित्रवाणी-प्रयोग मात्र अभावानेच लाभले. १९९८ साली 'कॅप्टन व्योम' ही हिंदी मालिका आली. दिग्दर्शक केतन मेहता आणि नायक मिलिंद सोमण. परंतु तिच्यात यंत्रांची चमक इतकी आहे की माणसांच्या चेहऱ्यांवर डोळा ठरत नाही, असे आमचे मत आहे. हुसेन यांच्यापाशी दाखविण्यासारखे काहीच नव्हते, हे कदाचित त्यांचे भाग्यच म्हणावे लागेल.

वस्तुतः दूरचित्रवाणी आणि विज्ञान यांची सांगड घालण्याचा मोठा प्रयोग याच भूमीवर झालेला आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांस कार्यक्रम दाखविले गेले. राजस्थानात जयपूर, कोटा आणि सवाई माधोपूर या जिल्ह्यांतील खेडी त्यात होती. कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस हे त्या योजनेचे कार्यक्रम-व्यवस्थापक होते. सकाळी शाळकरी मुलांसाठी, सायंकाळी शेतीचे, आरोग्याचे आणि करमणुकीचे कार्यक्रम होत. येथेही 'प्रयोग' हाच शब्द योजला गेला, आणि येथेही प्रश्न तोच होता: उपग्रह कितीही उंचावर असो, खेड्यातील चौकात बसलेल्या मुलास पडद्यावरील माणूस खरा वाटला पाहिजे.

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हुसेन यांनी १९६४ साली याच मालिकेतील 'मार्को पोलो' या सात भागांच्या कथेचे बहुतांश दिग्दर्शन केले. तिची संहिता बरीच सकस होती आणि नेपथ्याची वाखाणणी आजही होते. परंतु त्या काळी फिती पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती. 'मार्को पोलो'चे सातही भाग नाहीसे झाले. घरी बसून रसिकांनी ध्वनिमुद्रित केलेला आवाज आणि काही छायाचित्रे एवढेच उरले. संवाद कागदावर आहेत, अभिनय गेला. पहिली कथा दैवयोगाने वाचली. परंतु २०२३ साली बी. बी. सी.ने मालिकेचे जुने भाग एकत्र उपलब्ध करून दिले तेव्हा लेखकाच्या वारसाशी हक्कांविषयी मतैक्य न झाल्यामुळे नेमकी हीच कथा त्यांत नव्हती. संहितेस कायद्याने वारस असतो. हार्टनेल यांच्या त्या न दिलेल्या उत्तराचा, आयलीन वे यांच्या भयाचा, हुसेन यांच्या सावलीचा वारस कोण? हुसेन यांनी पुढे १९६५ साली 'अ पॅसेज टू इंडिया' आणि १९७८ साली 'एडवर्ड अँड मिसेस सिम्पसन' यांसारखी नामांकित कामे केली, म्हणून त्यांचे नाव टिकले. असे भाग्य सर्वांचे नसते.

हा प्रश्न लंडनचा नाही. तो आपल्या घरचा आहे. जयपूर असो, भोपाळ असो वा दिल्ली, गणेशोत्सवात आपली मंडळे एखादी एकांकिका बसवितात. सुटीवरून परतताना कोणीतरी पुण्याहून आणलेली ती संहिता बहुधा सामान्यच असते. त्यातून दोन पात्रे गाळावी लागतात, काकांची मावशी करावी लागते, आणि तालमी रंगात आल्या असता मुख्य पात्राच्या बदलीचा हुकूम येतो. तरीही खेळ होतो. लेखापरीक्षण कार्यालयातील एखादे अबोल गृहस्थ असे काही उभे राहतात की सभागृह स्तब्ध होते. जयपुरातच जन्मलेली मुलगी, जिच्या घरच्या मराठीत निम्मी हिंदी मिसळलेली असते, महिनाभर मराठी वाक्ये घोकते आणि त्या एका संध्याकाळी ती वाक्ये तिची स्वतःची होतात. संहिता विसरली जाते; त्या मुलीची भाषा राहते. परप्रांतात आपली भाषा टिकविण्याचे पुष्कळसे काम अशा तोकड्या संहितांवर उभ्या राहिलेल्या समर्थ प्रयोगांनी केले आहे, आणि त्याची नोंद कोठल्याही वाङ्मयेतिहासात नाही.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. प्रत्येक मंडळाने एक प्रयोगवही ठेवावी. खेळाचे नाव, दिनांक आणि स्थळ तर तीत लिहावेच. परंतु त्याबरोबर दिग्दर्शकाचे, प्रत्येक नटाचे, पडद्यामागून वाक्ये पुरविणाराचे आणि दिवे सांभाळणाराचे नावही लिहावे. कोणत्या ठिकाणी संहिता अडली व ती कोणी कशी सावरली, हे दोन ओळींत नमूद करावे. छायाचित्रे असल्यास त्यांच्या मागे नावे व वर्ष घालून ती वहीत लावावी. आपल्या लोकांच्या बदल्या होतच राहतात. म्हणून वही कोणा एकाच्या घरी न ठेवता मंडळाच्या कपाटात ठेवावी आणि नव्या कार्यवाहाकडे किल्ल्यांबरोबर ती सोपवावी.